तीनपैकी तीन

पोह्यांच्या पिशव्या सगळ्यात खालच्या फळीवर होत्या. सावनीनं एका हातानं रॅकची कड धरली, उजव्या पायावर तोल घेतला, डावा पाय मागे लांब केला आणि कंबरेतून वाकून पिशवी उचलली. "आई, जाडे की पातळ?" माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी होती आणि तिचं गार पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळत होतं. रविवारची सकाळ, इथं अमेरिकेत अ‍ॅशबर्नच्या त्या भारतीय दुकानात नेहमीसारखी झुंबड, कुणाच्या तरी पोरानं बिस्किटांसाठी इंग्रजीत भोकाड पसरलेलं, मागून कुणीतरी "एक्स्क्यूज मी, काकू" म्हणत ढकलगाडी पुढे काढत होतं, आणि मी माझ्या पोरीच्या त्या अधांतरी डाव्या पायाकडे बघत उभी. ही मुलगी जन्मात कधी अशी वाकलेली नाही. खालचं काही घ्यायचं तर ती खाली बसते, उकिडवी, टाचा जमिनीला टेकवून, आणि मनात येईल तेव्हा उठते. लहानपणी मागच्या अंगणात अर्धा अर्धा तास तशी बसून जमिनीवर काहीतरी शोधत असायची. शाळेतल्या मुली तिला हसायच्या, आणि हिला त्यांची कीव यायची, कारण त्यांना तसं बसताच येत नसे. "पातळ," मी म्हटलं. "आणि डावा पाय का उचललास?" "काय?" "पाय. डावा. मागे का गेला?" तिनं माझ्याकडे बघितलं. चेहरा साफ, कपाळावर आठी नाही, ओठ जरासे हसरे. "नथिंग, आई. चल ना, लाइन वाढतेय." आणि ते बघणं बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

कारण ते बघणं मी रोज कामावर बघते. एका विद्यापीठाच्या अभ्यासासाठी मी लष्कराच्या तळावर जाते. तिथल्या एका जुन्या जिममध्ये आमच्या चटया पसरलेल्या असतात आणि एकेक सैनिक समोर येऊन उभा राहतो. सात हालचाली करायच्या. काठी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून पूर्ण खाली बसायचं. ताणलेल्या दोरीवरून पाय टाकायचा. एका रेषेत पाऊल पुढे टाकून मागचा गुडघा टेकवायचा. मग पाठीमागे मुठी जवळ आणणं, उताणं पडून पाय सरळ वर घेणं, दंड, आणि शेवटी रांगायला बसून एकाच बाजूचा हात आणि पाय उचलणं. सफाईनं जमलं तर तीन, ओढूनताणून जमलं तर दोन, नाही जमलं तर एक. दुखलं तर शून्य. बेरीज कमी आली की ह्या माणसाला पुढे दुखापत होण्याची भीती जास्त, असा त्यामागचा विचार. माणूस मोडण्याआधी ओळखावा आणि सांभाळावा. विचार चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण प्रत्येक हालचालीनंतर मला एक प्रश्न विचारायचा असतो, ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या आवाजात. दुखतंय का? आणि समोरचा म्हणतो, "नो, मॅम." वरच्या ओठावर घामाचे थेंब उभे असतात, गाल आतून दातांखाली धरलेला असतो, आणि तो म्हणतो, नो, मॅम. हो म्हटलं की शून्य, शून्य आलं की डॉक्टर, आणि डॉक्टर जो कागद देतो त्यावर लिहिलेलं असतं की हा पळणार नाही, ओझं उचलणार नाही. त्याला तिथे प्रोफाइल म्हणतात. प्रोफाइलवरच्या माणसाकडे बाकीचे असे बघतात, जणू सगळ्यांच्या ताटात हा थुंकला आहे. म्हणून नो, मॅम. आणि मी लिहायचं ते तो जे म्हणाला तेच. त्याला हात लावायचा नाही, चाचपायचं नाही, बघायचं, विचारायचं, लिहायचं. नागपूरला मी फिजिओथेरपिस्ट होते. ज्या हातांनी मी लुळीपांगळी माणसं चालती केली, ते हात पाठीमागे घेऊन मी इथे आकडे भरते, आणि दिवसभर माझ्या तोंडावर खोटं बोलणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या पोरांना थँक यू म्हणते.

आणि आता त्याच चेहऱ्यानं माझी पोरगी, तीही सैनिकच, सुट्टीवर घरी आलेली, माझ्याकडे बघत होती, माझ्यासमोर, पोह्यांची पिशवी हातात धरून. रांगेत उभं राहिल्यावर मी तिचे पाय बघत होते. दोन्ही पायांवर सारखं वजन. अगदी सारखं. इतकं सारखं कुणी उभं राहत नाही. माणूस रांगेत उभा राहिला की एका कंबरेवर रेलतो, मग दुसऱ्या, मोबाइल बघतो, डुलतो. ही मोजून मापून उभी होती. मला पाठीमागून जाऊन तिचा खुबा दोन्ही हातांत धरावासा वाटला, तिथंच, लोकांदेखत. धरला असता तर ती किती ओरडली असती ते मला माहीत होतं, म्हणून धरला नाही. गाडीपाशी आल्यावर किल्ली तिनं मागून घेतली. गाडीत बसताना माणूस डाव्या पायावर उभा राहून उजवा पाय आत टाकतो, विचारसुद्धा न करता. ती आधी पाठ करून सीटवर बसली, मग वळली, उजवा पाय आत घेतला आणि हाताचा पंजा डाव्या मांडीखाली घालून तो पाय उचलून आत ठेवला. वर पुन्हा जीन्स सारखी केल्यासारखं केलं. किती सफाई! माझीच मुलगी. मी खिडकीबाहेर बघत बसले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या भिंती सरकत होत्या. त्यांतल्याच एका भिंतीआड माझा नवरा, रवींद्र, गेली कित्येक वर्षं मशिनं थंड ठेवण्याचं काम करतो आणि घरी आल्यावर मलाही थंड ठेवायला बघतो.

"कधीपासून दुखतंय?" मी विचारलं.

"कोण म्हणतंय दुखतंय?"

"सावनी, मी शेंगा विकत नाही. जांघेत ना? चालताना येतं, आडवं पडलं की कमी होतं?"

"आई, स्टॉप. प्लीज. उद्या मला रिपोर्ट करायचंय. ट्यूजडेला स्क्रीनिंग आहे, मग जंप स्कूल. दीड वर्ष मी ह्या स्लॉटसाठी थांबलेय. आमच्या युनिटमधून दोघंच चाललेत, त्यात मी एक. डू नॉट डू धिस."

जंप स्कूल म्हणजे विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारायला शिकवतात ती शाळा. त्याआधी जमिनीवर शिकवतात: ओट्यावरून उड्या, मनोऱ्यावरून उड्या, कसं आपटायचं आणि आपटल्यावर कसं लोळायचं. उड्या, उड्या, उड्या. आणि त्या शाळेच्या दारात तीच सात हालचालींची चाचणी, माझ्यासारखीच कुणीतरी बाई हातात बोर्ड घेऊन उभी. एनी पेन? नो, मॅम. पुढची.

मला कांचन आठवली. इतक्या वर्षांत नाव विसरले नाही, चेहरा तर नाहीच. नागपूरला हाडांच्या वॉर्डात होती, पोलीस भरतीत निवडली जाऊन ट्रेनिंगला गेलेली, लांब वेणी घालणारी, कुणी आलं की गादीवरसुद्धा सावधान होणारी मुलगी. मांडीचं हाड वर जिथं खुब्यात शिरतं तिथं त्याची बारीक मान असते. पळून, कवायत करून, ओझी वाहून तिला केसाएवढा तडा जातो. त्या वेळी थांबलं तर हाड आपणच भरून काढतं. नाही थांबलं तर एखाद्या साध्या उडीत मान तुटते, आणि मग खिळे, स्क्रू, कधी कधी वरचा गोळाच मरून जातो. कांचनची मैदानावर तुटली. खड्ड्यावरून उडी मारली आणि उठलीच नाही. त्याआधी महिनाभर तिला जांघेत दुखत होतं, तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ऑपरेशननंतर तिला पहिल्यांदा उभं केलं ते मी. माझ्या खांद्यावर तिचा सगळा भार, आणि ती माझ्या कानाशी म्हणत होती, मॅडम, तसं काही फार दुखत नव्हतं हो. हाड तुटल्यावरही! स्क्रू घातल्यावरही ती मलाच पटवून देत होती. पुढं तिची जागा गेली. नंतर एकदा सीताबर्डीला दिसली, गर्दीतून जात होती, एक पाय फेकत. मी हाक मारली नाही. त्या वेळी वाईट वाटलं होतं, आता गाडीत बसून राग येत होता. कांचनचा नाही. तिला तो खड्डा दाखवून "मार उडी" म्हणणाऱ्याचाही नाही इतका. राग त्या सगळ्या शहाण्या, समजूतदार, पाठीवर थाप मारणाऱ्या जगाचा, ज्यात दुखतंय म्हणणारी पोरगी रडकी ठरते आणि न म्हणणारी वाघीण.

घरी रवींद्र पोह्यांसाठी कांदा चिरत बसला होता. मी पिशवी ओट्यावर आपटली. "तुझ्या मुलीच्या खुब्यात तडा आहे," मी म्हटलं. सावनी सरळ वर तिच्या खोलीत गेली. जिन्यावरून. मी कान देऊन ऐकलं. उजवं पाऊल वर, डावं त्याच पायरीवर. उजवं, डावं त्याच पायरीवर. "ऐकलंस?" रवींद्र म्हणाला, "अगं, असेल काहीतरी मसल पुल. आर्मीत डॉक्टर असतात ना. ते सोडतील का असंच? एवढी टेस्टिंग करतात, तूच सांगतेस." तूच सांगतेस! हे मात्र खरं होतं, आणि खरं असल्यामुळं माझी कानशिलं आणखी तापली. मंडळाच्या दिवाळी पार्टीत मीच सांगत फिरत होते. सावनी भरती झाली तेव्हा ह्याच लोकांनी नाकं मुरडली होती. मीनाक्षी तर बासुंदीची वाटी हातात धरून म्हणाली होती, "आर्मी? म्हणजे इथली? अगं, तिचे मार्क्स तर चांगले होते ना?" महिनाभर मी सावनीशी भांडले, महिनाभर रडले, आणि ती ऐकत नाही म्हटल्यावर माझ्यातली आई जी जागी झाली ती अस्सल आपल्याकडची. जायचंच आहे ना? मग पहिली ये.

आपल्याकडे परीक्षा म्हटली की आधीच्या वर्षांचे पेपर सोडवून घेतात. माझ्या स्कॉलरशिपच्या वेळी वडील पहाटे उठवून घ्यायचे. मी ह्याच स्वयंपाकघरात, ह्याच फरशीवर, मॉपचा दांडा काढून सावनीच्या हातात दिला आणि सातही हालचाली घोटून घेतल्या. टाचा! छाती वर! दांडा पायांच्या पुढे जाऊ देऊ नकोस, बघणारा तिथंच बघतो. गुडघा आत पडला की मार्क गेला. ओठ चावू नकोस. श्वास रोखू नकोस, लगेच कळतं. ही काय परीक्षा होती का? रक्त तपासायला देण्याआधी त्यात पाणी घालण्यातला प्रकार. मला, जिचा हा धंदा, तिला हे कळत नव्हतं असं नाही. पण परीक्षा दिसली की आमच्या रक्तातलं काहीतरी उठून उभं राहतं, त्याला पहिला नंबर पाहिजे असतो, कशात ते नंतर. खाली बसण्यात तर तिला शिकवायचं काहीच नव्हतं. भरतीनंतरच्या चाचणीत सोबतची धिप्पाड पोरं टाचा उचलून कशीबशी टेकत होती आणि ही आरामात. तीनपैकी तीन! मी पार्टीत सगळ्यांना सांगितलं. पेढे तेवढे वाटायचे राहिले. आणि आता तिला तपासणाऱ्याची नजर कुठं जाते ते तपासणाऱ्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण ती नजर माझी आहे.

मी देवदत्तला फोन लावला. देवदत्त आमच्या अभ्यासाचा प्रमुख, पुण्याचा, वयानं माझ्यापेक्षा लहान, हुशार आहे आणि तसा वाईट नाही. पाठीमागं त्याच्या मुलांचा गलका ऐकू येत होता. "बोला, रत्नाताई. संडेला?" मी सगळं सांगितलं. पोहे, गाडी, जिना. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "तिचा लास्ट स्कोअर काय होता?"

"वीस."

"मग? ट्वेंटी म्हणजे लो रिस्क झाला ना, ताई. एकवीसपैकी वीस कुणाला पडतात?"

"अरे, तिला दुखतंय."

"ती म्हणाली तसं?"

"नाही."

"मग आपण कसं म्हणणार? पेन सेल्फ-रिपोर्टेड असतं, बरं का. आणि हे बघा, हे टूल मुळात ग्रुपसाठी आहे. शंभर जणांत साधारण किती जणांना इन्जुरी होईल, ह्याचा अंदाज देतं. तोही ढोबळ, खरं तर. अमुक एका व्यक्तीला होईल की नाही, ते नाही सांगू शकत."

"मग त्या अमुक एका व्यक्तीला तू चटईवर का उभं करतोस?"

त्यानं पाठीमागचं दार लावून घेतलं. मग म्हणाला, "आय हिअर यू, ताई. खरंच. तिला एमआरआय करायला सांगा. पण तिनं हो म्हटलं पाहिजे." बरोबर बोलत होता. अक्षर अन् अक्षर बरोबर. बरोबर बोलणाऱ्या माणसांचा मला त्या क्षणी इतका तिटकारा आला की फोन ठेवताना मी त्याला धड अच्छासुद्धा म्हटलं नाही. शंभर जणांत किती! माझी शंभर नाहीत, एक आहे.

मागे वळून बघते तर सावनी दारात उभी. सगळं ऐकलेलं. चेहरा लाल, अगदी रवींद्रसारखा, पण डोळे माझे. "तू फोन केलास? तुझ्या बॉसला? माझ्याबद्दल?"

"उद्या तुझ्या डॉक्टरांनाही करणार आहे."

"कर. करून बघ. मग मी ह्या घरात पाऊल टाकणार नाही, आय स्वेअर." आणि मग तरातरा कपाटाकडे गेली, खरंच तरातरा, मॉपचा दांडा ओढून काढला, त्याचा खालचा ओला भाग फिरकी देऊन सोडवून फेकला. "टेस्ट पाहिजे ना तुला? घे. घे टेस्ट."

रवींद्र म्हणाला, "अरे, काय चाललंय दोघींचं, आधी खाऊन घ्या." कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

तिनं दांडा डोक्यावर धरला. पाय खांद्यांएवढे दूर, अंगठे सरळ पुढे, मी शिकवलं होतं तसे. आणि खाली गेली. काय सांगू, सुंदर गेली. पाठ ताठ, दांडा डोक्यावर स्थिर, टाचा फरशीला चिकटलेल्या, कंबर गुडघ्यांच्या खाली. मी कुठंतरी खोट शोधत होते, पुढून, बाजूनं, पुन्हा पुढून. गुडघा आत पडत नव्हता. खुबा झुकत नव्हता. श्वाससुद्धा चालू होता, मोजून घेतलेला. खाली बसूनच तिनं माझ्याकडे मान वर केली आणि म्हणाली, "विचार ना. विचार. एनी पेन?" मी विचारलं नाही. "नो, मॅम," ती म्हणाली. "तीनपैकी तीन. लिही." आणि तिच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब उभे राहिलेले मला दिसले. तेवढ्यावर मात्र तिचा ताबा नव्हता.

"ऊठ," मी म्हटलं. "हे नाटक तुझ्या त्या बोर्डवाल्या बाईला दाखव. मी तुझी आई आहे."

"आई?" ती उठली. "तू? तुला आता दुखणं दिसायला लागलं? पडले की तू काय म्हणायचीस? 'ऊठ, काही नाही झालं, बघ मुंगी मेली.' गुडघा फुटला तरी मुंगी मेली. सायकलवरून पडले तेव्हा मनगट सुजलं होतं, तरी मुंगी मेली. आय युज्ड टू लुक फॉर द अँट, आई. यू नो दॅट? मी खरंच ती मेलेली मुंगी शोधत बसायचे अंगणात. मला वाटायचं, मला नाही ना लागलं, मग तिला लागलं असेल."

मी तिला उलट काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सगळेच म्हणतात की! माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची, पोर रडू नये म्हणून म्हणतात, त्यात काय एवढं? जगातल्या सगळ्या चुका काय माझ्याच दारात आणून टाकणार का? पण अंगणात उकिडवी बसलेली ती एवढीशी पाठ माझ्या डोळ्यांसमोर आली, मान खाली, गवतात बोट फिरवणारी, आणि त्या पाठीनं माझा राग आणखीनच भडकला, कारण आता तो कुणावर काढायचा तेच कळेना. आणि रागात माणसाच्या तोंडून जे निघू नये ते निघतं. मी म्हणाले, "एवढं काही झालं नाही ना? मग लंगडी घाल. डाव्या पायावर. घाल लंगडी!"

ही मुलगी लहानपणी लंगडीत कुणाला हार जायची नाही. नेहमी डाव्या पायावर. मागच्या अंगणात सगळ्या गोऱ्या पोरांना तिनंच शिकवली होती. माझे शब्द स्वयंपाकघरात पडले आणि त्याच क्षणी मला कळलं मी काय बोलले. खुब्यात तडा असल्याचा संशय असेल तर त्या पायावर उडी मारायला सांगायची नसते. हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे. एकच उडी पुरते. सात हालचालींत ही नाही, पण ही एक खोटं बोलू देत नाही. हाड धड असलं तर राहतं, नाहीतर जातं. सावनीनं दांडा बाजूला टाकला. तो फरशीवर खणखणत गॅसच्या ओट्याखाली घरंगळला. तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि उजवा पाय उचलला. मला दिसलं, ती मारणार. माझ्यासारखीच आहे ती, तुटेल पण मारेल. सगळं वजन डाव्या पायावर आलं, तिच्या चेहऱ्यावरचं ते साफ, हसरं झाकण क्षणभर सरकलं आणि खालचं पोर दिसलं, पांढरंफटक. डावा गुडघा उडीसाठी वाकला.

"नको!" मी इतक्या जोरात ओरडले की रवींद्रच्या हातातली सुरी पडली. मी तिच्या अंगावर झेप घेतली. दोन्ही हात तिच्या काखेत घातले आणि वर उचललं, तिचे पाय फरशीवरून सुटले. माझ्यापेक्षा उंच, माझ्यापेक्षा दणकट पोरगी. माझी पाठ करकरली, मी मागे भेलकांडले, पाठ फ्रिजवर आदळली आणि तशीच घसरत खाली बसले, ती माझ्या मांडीवर, तिचा डावा पाय हवेत धरलेला, माझ्या हातात. मला वाटलं ती ढकलून देईल. तिनं नाही ढकललं. तिचा सगळा भार माझ्यावर आला, कांचनचा आला होता तसा, आणि तिच्या पाठीतून एक हुंदका असा वर आला की मला आधी तो माझाच वाटला. "इट हर्ट्स," ती म्हणाली. "दुखतंय, आई. समरपासून. रात्री झोपच येत नाही. प्लीज डोन्ट टेल देम."

माझ्या जिभेवर ते आलं होतं. काही नाही झालं. ऊठ. इतक्या वर्षांची सवय, शब्द आपोआप येऊन ओठांशी उभे. मी ते दातांखाली चिरडले. मला अजून राग येत होता, तिच्या त्या शाळेचा, देवदत्तच्या शंभर जणांचा, त्या चटयांचा, आणि उद्या मी फोन करणार होते, ती आयुष्यभर माझ्याशी बोलली नाही तरी करणार होते. तिलाही ते माहीत होतं. पण कामावर मी हजारदा विचारलं होतं, दुखतंय का, आणि हो किंवा नाही एवढंच ऐकायला थांबले होते. त्यापुढचा प्रश्न आमच्या कागदावर नसतो.

"कुठं?" मी विचारलं.

सावनीनं डोळे मिटून माझा हात धरला, आपल्या जांघेवर नेला आणि माझी बोटं बरोबर त्या जागेवर ठेवली.